दिनविशेषाचा फळा : ८ सप्टेंबर

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षानिमित्त ८ सप्टेंबर २०२३ रोजी सुरत येथे झालेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आपल्या शाळेच्या प्रवेशद्वारातून आत आले की उजव्या हाताला एक फळा आहे. येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी कधी ना कधी त्या फळ्यावर खडू चालवला असेल. वर सुविचार, मध्ये तिथी-वार आणि खाली दिनविशेष. इमारत बदलली, बाके बदलली, गणवेशाचा रंगही एकदा बदलला, परंतु प्रार्थनेपूर्वी दिनविशेष लिहून झाला पाहिजे हा नियम मात्र साठ वर्षांत मोडलेला नाही.

आज सकाळी मी आले तेव्हा फळ्यावर आठवीच्या मुलींच्या वळणदार अक्षरात लिहिले होते, “आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन”. त्याखाली, “गायिका आशा भोसले जन्मदिन, १९३३”. त्याखाली, “भूपेन हजारिका जयंती, १९२६”. आणि अगदी तळाशी, घाईघाईत, दहावीतल्या कुणीतरी भर घातली होती, “आविची, १९८९”. हा आविची कोण, हे मला ठाऊक नव्हते. पूर्वीची मी असते तर डस्टर उचलून ती शेवटची ओळ पुसून टाकली असती. दिनविशेषात थोर पुरुषांची नावे असावीत, परदेशी गाणेवाल्यांची कशाला, असे म्हणून. आज मात्र हात थांबला. तो का थांबला, हेच मी आपल्याला सांगणार आहे. साक्षरता दिनानिमित्त मी लिहून आणलेले भाषण माझ्या टेबलाच्या खणात आहे. ते तेथेच राहू द्या.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करते. एकाच तारखेला अनेक गुणी माणसे जन्माला आली, यात काही गूढ नाही. वर्षाचे दिवस ३६५ आणि माणसे अगणित, तेव्हा असे योग येणारच. पण वर्गात हजेरीपटाच्या क्रमाने दोन अनोळखी मुले एका बाकावर बसतात आणि पुढे जन्मभराची मित्र होतात, हे आपण पाहिले आहे. दिनविशेषाचा फळा हेही असेच एक बाक आहे. तारीख माणसांना शेजारी बसवते. त्यांनी एकमेकांशी काय बोलावे, ते आपण ऐकायचे.

या बाकावर सर्वांत आधी येऊन बसलेला विद्यार्थी अमेरिकेचा. जिमी रॉजर्स, जन्म ८ सप्टेंबर १८९७. मिसिसिपी राज्यातील मेरिडियन या रेल्वेच्या गावाशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले आहे. वडील रेल्वेत, मुलगाही रेल्वेत. गाडीवर ब्रेक सांभाळण्याचे काम. लोहमार्गावर राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांची श्रमगीते ऐकत तो वाढला. ऐन पंचविशीत क्षयाने गाठले आणि रेल्वेचे काम सुटले. मग पोटासाठी गाणे. १९२७ च्या ऑगस्ट महिन्यात टेनेसीतील ब्रिस्टल गावी एका कंपनीने ध्वनिमुद्रणासाठी तात्पुरता तळ ठोकला होता, तेथे त्याचा आवाज पहिल्यांदा तबकडीवर उतरला. पुढची सहाच वर्षे त्याला मिळाली. १९३३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये शेवटची गाणी मुद्रित करताना त्याच्यासाठी स्टुडिओत खाट टाकली होती. एक गाणे झाले की तो तिच्यावर विसावे आणि दम आला की पुन्हा ध्वनिक्षेपकासमोर उभा राही. २६ मे रोजी तो गेला. वय ३५. आज अमेरिकेत ज्याला कंट्री संगीत म्हणतात, त्याचा जनक म्हणून त्याचे नाव घेतले जाते.

त्याच्या तबकड्या कोठवर पोहोचल्या पाहा. पूर्व आफ्रिकेतील केनियात किप्सिगिस नावाचा समाज आहे. ग्रामोफोनच्या पेटीतून येणारा, मध्येच गळा तुटल्यासारखा वरच्या पट्टीत झेपावणारा तो आवाज त्यांनी ऐकला. हा गाणारा पूर्ण माणूस नसावा, अर्धा मनुष्य आणि अर्धा हरिण असावा, अशी कल्पना तेथे रूढ झाली. जिमी रॉजर्स या नावाचे ‘चेमिरोचा’ झाले आणि त्याच्यावर गाणी रचली गेली. ह्यू ट्रेसी या संग्राहकाने १९५० साली ती ध्वनिमुद्रित करून ठेवली. त्यांपैकी एक मुली गातात. त्या या हरिणमानवाला नाचायला बोलावतात. ज्याची भाषा कळत नव्हती, ज्याचा चेहरा कुणी पाहिला नव्हता, त्या मृत रेल्वे कामगाराला त्या मुलींनी आपल्या अंगणात बोलावले. अक्षर तेथे पोहोचले नव्हते, सूर पोहोचला होता.

याच बाकावरची दुसरी विद्यार्थिनी, पॅट्सी क्लाइन. जन्म ८ सप्टेंबर १९३२, व्हर्जिनियातील विंचेस्टर. वडील घर सोडून गेले. मुलीने कोवळ्या वयात शाळा सोडली आणि औषधांच्या दुकानात नोकरी धरली. दिवसा दुकान, रात्री गाणे. १९६१ साली मोटार अपघातात ती जबर जखमी झाली. कुबड्या घेऊन स्टुडिओत आली आणि ‘क्रेझी’ हे गाणे गायली. ते रचणारा विली नेल्सन तेव्हा फारसा कुणाला ठाऊक नव्हता. ५ मार्च १९६३ रोजी विमान अपघातात तिचा अंत झाला, तिसाव्या वर्षी. दहा वर्षांनी कंट्री संगीताच्या सन्मान दालनात एकल गायिका म्हणून प्रवेश मिळालेली ती पहिली स्त्री ठरली. मार्च १९६३ मध्ये ती गेली आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात, भाड्याच्या दोन खोल्यांत, आपल्या शाळेची पहिली घंटा झाली. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध काही नाही. पण शाळा अर्धवट सुटलेल्या मुलीची कहाणी कोणत्याही मुख्याध्यापिकेला परकी वाटत नाही.

आता आपल्या देशात येऊ. भूपेन हजारिका, जन्म ८ सप्टेंबर १९२६, आसामच्या पूर्व टोकावरील सदिया. तेजपूरला असताना ज्योतिप्रसाद अगरवाला आणि विष्णुप्रसाद राभा या दोन थोर कलावंतांच्या कानावर या लहान मुलाचा आवाज पडला. १९३९ साली ‘इंद्रमालती’ या असमिया चित्रपटात तो गायला. पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयातून राज्यशास्त्राची एम. ए. पदवी आणि नंतर न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ. तेथे १९५२ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. ती संगीतातली नव्हे! भारतातील प्रौढशिक्षणासाठी दृक्‌श्राव्य साधनांचा उपयोग कसा करता येईल, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. आज सकाळी मुलींनी साक्षरता दिन आणि भूपेनदांची जयंती एकाखाली एक लिहिली, तेव्हा त्यांना हे ठाऊक नसणार. पण त्या दोन ओळी एकमेकींच्या किती जवळच्या आहेत!

न्यूयॉर्कमध्ये त्यांची भेट पॉल रोबसन यांच्याशी झाली. मिसिसिपी नदीवरचे जे गीत रोबसन यांच्या धीरगंभीर आवाजाने जगभर गेले, त्यातून प्रेरणा घेऊन भूपेनदांनी आपल्या भाषेत नदीला जाब विचारणारे गीत रचले. ते पुढे बंगालीत गेले, हिंदीत गेले आणि तेथे गंगेचे गाणे झाले. दोन्ही तीरांवर माणसे हाल सोसत असताना तू निमूटपणे वाहतेस कशी, असा त्याचा भाव आहे. आणि नदीकाठच्या माणसांची जी दुःखे ते मोजतात, त्यांत निरक्षरता आहे. भूक आणि अन्याय यांच्या पंक्तीला अक्षर नसणे त्यांनी बसवले. चित्रपटसंगीत, राज्याची विधानसभा, ‘रुदाली’चे सूर, दादासाहेब फाळके पुरस्कार असा दीर्घ प्रवास करून ५ नोव्हेंबर २०११ रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला. २०१९ मध्ये मरणोत्तर भारतरत्न. त्यांच्या सदियाला जोडणारा, नऊ किलोमीटरहून लांब असा पूल २०१७ साली खुला झाला, त्याला त्यांचेच नाव आहे. नदीला प्रश्न विचारणाऱ्या कवीचे नाव नदीवरच्या पुलाला मिळाले, याहून समर्पक स्मारक कोणते?

आणि आता आपल्या घरची मुलगी. जिमी रॉजर्स मे १९३३ मध्ये गेला. त्याच वर्षी, त्याच्याच जन्मतारखेला, सांगलीत मास्टर दीनानाथांच्या घरी आशाताईंचा जन्म झाला. आज त्यांना ९० वर्षे पूर्ण होत आहेत, आणि आजच त्या दुबईच्या रंगमंचावर गाणार आहेत. आपल्यापैकी गुडघे दुखतात म्हणून पहिल्या मजल्यावर सभा ठेवू नका असे सांगणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. त्यांत मीही आहे.

आशाताईंच्या बालपणाची एक गोष्ट लतादीदी सांगत असत. धाकट्या आशाला कडेवर घेऊन त्या पहिल्यांदा शाळेत गेल्या. एवढे लहान मूल वर्गात चालणार नाही, असे शिक्षकांनी सांगितले. ती मानी मुलगी उठली, बहिणीला घेऊन घरी आली आणि पुन्हा शाळेत गेली नाही. नियमाच्या दृष्टीने शिक्षकांचे चुकले नव्हते. मीही कदाचित हेच सांगितले असते. पण आपल्या देशाच्या दोन महान गायिका एकाच दिवशी एका शाळेच्या दारातून परत गेल्या, हे मी कधी विसरू शकत नाही. आजही आपल्या शाळेत धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुली आहेत. आई साडीला खडे लावायला बसते, वडील लूमवर बारा तासांच्या पाळीला. मग बाळाला कोण पाहणार? त्या मुलींना आम्ही परत पाठवत नाही. बालवाडीच्या खोलीत एक कोपरा त्यांच्यासाठी ठेवला आहे. त्या कोपऱ्याचे मूळ या गोष्टीत आहे, हे आज जाहीरपणे सांगते.

२४ एप्रिल १९४२ रोजी दीनानाथ गेले तेव्हा आशाताई नववे वर्ष ओलांडलेल्याही नव्हत्या. दुसऱ्याच वर्षी, १९४३ मध्ये, ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटासाठी त्या गायल्या. चाल दत्ता डावजेकरांची. आपल्या मायबोलीत त्यांनी पहिले पाऊल टाकले, हे ध्यानात घ्या. नंतर हिंदी आली. लहान वयातला संसार, तो विस्कटल्यावर तीन मुलांची जबाबदारी, मोठ्या बहिणीच्या तेजाची सतत होणारी तुलना, आणि बराच काळ इतरांनी नाकारलेली गाणी पदरात घेणे. ‘नया दौर’ १९५७, ‘तीसरी मंझिल’ १९६६, ‘उमराव जान’ १९८१, ‘इजाजत’ १९८७. ही चार नावे शेजारी ठेवली तर एकच गळा चार निराळ्या स्त्रियांची आयुष्ये जगून आला, असे वाटते. शेवटच्या दोन चित्रपटांनी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार दिले. इंग्लंडमधील कॉर्नरशॉप या वाद्यवृंदाने १९९७ साली त्यांच्या नावाचे गाणे केले आणि पुढच्या वर्षी त्याचे नवे रूप तेथील यादीत अव्वल ठरले. २०११ मध्ये गिनेसने नोंद केली ती सुमारे ११,००० गाण्यांची आणि २० हून अधिक भारतीय भाषांची.

सुरतेत राहून मी यांतली एक भाषा मुद्दाम उचलते. अविनाश व्यासांच्या चालींवर आशाताईंनी गुजराती गाणी गायली आहेत. नवरात्रात आपल्या शेजारच्या बेन ती गाणी लावतात, तेव्हा हा गळा सांगलीचा आहे, याची त्यांना आठवण होत नाही, आणि व्हावी असेही नाही. दुसऱ्याच्या भाषेत इतके आपलेपणाने शिरायचे, तर आधी स्वतःच्या भाषेत पाय घट्ट रोवलेले असावे लागतात. आशाताईंचे मराठी उच्चार ऐका. मराठी पक्की होती म्हणून त्या इतर भाषांत पाहुण्या राहिल्या नाहीत.

आता फळ्यावरची ती शेवटची ओळ. मधल्या सुट्टीत मी दहावीच्या वर्गात गेले आणि हा आविची कोण, असे विचारले. आधी सारे गप्प. बाई रागावणार, अशी त्यांची खात्री होती. मग एका मुलाने उभे राहून सांगितले आणि उरलेले मी नंतर वाचले. टिम बर्गलिंग हे त्याचे खरे नाव, जन्म स्टॉकहोम. संगणकावर संगीत रचणारा स्वीडिश मुलगा. २०१३ मध्ये त्याने नृत्याच्या तालावर कंट्री संगीताची गिटार आणि लोकगीताचा गळा चढवला. मायामीच्या महोत्सवात ते प्रथम ऐकवले तेव्हा श्रोते गोंधळले. काही महिन्यांत तेच गाणे जगभर वाजू लागले. म्हणजे जिमी रॉजर्सचे पणतू म्हणावे असे सूर त्याच्याच जन्मतारखेच्या एका मुलाने उचलले होते. पण कीर्ती आली तशी दगदग आली. प्रकृती साथ देईना म्हणून २०१६ मध्ये त्याने जाहीर कार्यक्रम थांबवले. २० एप्रिल २०१८ रोजी, अवघ्या २८ व्या वर्षी, तो गेला. त्याच्या आईवडिलांनी पुढे तरुणांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था उभी केली.

पालकांनो, मी त्या वर्गातून बाहेर आले तेव्हा मनात एकच विचार होता. दहावीच्या वर्षात, अपेक्षांच्या ओझ्याखाली असलेल्या आपल्या एखाद्या मुलाला हे नाव फळ्यावर लिहावेसे वाटले. मी ते पुसले असते, तर त्याच्याशी बोलण्याचे दार मीच लावून घेतले असते. मुले काय ऐकतात ते आपण एकदा त्यांच्याजवळ बसून ऐकावे. आवडलेच पाहिजे असे नाही. बसले पाहिजे.

आता माझ्या एका जुन्या चुकीकडे येते. ८ सप्टेंबर हा साक्षरता दिन कसा झाला? १९६५ साली याच तारखेला तेहरानमध्ये जगभरच्या शिक्षणमंत्र्यांची निरक्षरता निर्मूलनासाठी परिषद सुरू झाली. पुढच्या वर्षी युनेस्कोने ही तारीख जाहीर केली आणि १९६७ पासून हा दिवस पाळला जाऊ लागला. आपल्याही शाळेत दरवर्षी प्रभातफेरी निघते, घोषणा होतात. मी येथे तरुण शिक्षिका असताना त्या फेरीच्या पुढे असे. आणि पालकसभेत माझे एक ठरलेले वाक्य असे, “अभ्यास हवा असेल तर घरातला टीव्ही बंद करा, गाणी बंद करा.”

२००२-०३ च्या सुमाराची गोष्ट. माझ्या चौथीच्या वर्गात लिंबायतकडचा एक मुलगा होता. मूळ गाव खानदेशात. आई घरी बसून साड्यांना टिकल्या लावी. प्रगतिपुस्तकावर सही घ्यायची वेळ आली की त्या माउली आपणहून शाईच्या पॅडकडे हात नेत आणि अंगठा उमटवून, पदराने बोट पुसत, माझ्याकडे न पाहता निघून जात. वार्षिक परीक्षेच्या निकालाला त्या आल्या, तेव्हा मी सवयीने पॅड पुढे सरकवला. त्या म्हणाल्या, “बाई, पेन द्या.” त्यांनी नाव लिहिले. एकेक अक्षर काढले, मग सगळ्यांवर मिळून शिरोरेषा ओढली, घरावर कौले चढवावीत तशी. मी विचारले, कुणी शिकवले? त्यांचे उत्तर मला आजही तोंडपाठ आहे. “टीव्हीनं, बाई. गाणं मला पाठच होतं. खाली अक्षरं यायची. जिथं गाणं, तिथं अक्षर. बघता बघता वळख झाली. अडलं की पोराला विचारायची.”

आपल्याच राज्यातल्या अहमदाबादेत, भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांना एक साधी कल्पना सुचली होती. चित्रपटगीत पडद्यावर चालू असताना त्याचे शब्द त्याच भाषेत खाली दाखवायचे, आणि जो शब्द गायला जात आहे त्याचा रंग बदलायचा. १९९९ मध्ये अहमदाबाद दूरदर्शनच्या ‘चित्रगीत’ या गुजराती कार्यक्रमात हे सुरू झाले, २००२ मध्ये ‘चित्रहार’वर आले. हिंदीची लिपी देवनागरी, मराठीचीही तीच. त्यामुळे त्या माउलीला हिंदी गाण्यांतून मिळालेली अक्षरे मुलाच्या मराठी पुस्तकात पुन्हा भेटली. अर्थात केवळ गाणी पाहून कोणी पंडित होत नाही. मुलाची बाराखडी आणि तिची स्वतःची जिद्द यांचा वाटा त्यात मोठा होता. परंतु प्रौढशिक्षणासाठी दृक्‌श्राव्य साधने कशी वापरावीत, यावर ८ सप्टेंबरला जन्मलेल्या एका गायकाने पन्नास वर्षांपूर्वी प्रबंध लिहिला होता, आणि त्याचे एक चालते-बोलते उदाहरण माझ्यासमोर पेन धरून उभे होते. मी मात्र वर्षभर त्यांना सांगत होते, गाणी बंद करा! त्यांनी माझे ऐकले असते, तर त्या प्रगतिपुस्तकावर शेवटपर्यंत अंगठाच राहिला असता. त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या तोंडी आलेले नाही.

बंधुभगिनींनो, तापी मुलताईला उगम पावते, भुसावळावरून खानदेश ओलांडते आणि आपल्या सुरतेला येऊन समुद्राला मिळते. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा त्याच वाटेने, नदीच्या बरोबरीने येथे आले. येताना त्यांनी भांडी आणली, गोधड्या आणल्या आणि गाणी आणली. त्याच खानदेशात आसोद्याच्या बहिणाबाई होऊन गेल्या. त्यांना लिहिता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या गाणी रचत गेल्या. लिहिता येणारा मुलगा, सोपानदेव, होता म्हणून ती कागदावर उतरली आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये पुस्तकरूप झाली. बहिणाबाई तेव्हा हयात नव्हत्या. सोपानदेव मराठी शाळेत गेले नसते तर? किंवा त्यांना लिहिता आले असते, पण आईची भाषा लिहिण्याजोगी आहे असे वाटलेच नसते तर?

हा प्रश्न आपल्या शाळेचा आहे. मी काही लपवून ठेवत नाही. पहिलीच्या जेथे दोन तुकड्या भरत, तेथे आता एक भरते. “बाई, इथं राहून मराठीचा उपयोग काय?” असे पालक विचारतात, आणि त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. पोटाची भाषा शिकावीच लागते. आपली मुले गुजराती उत्तम बोलतात, इंग्रजीसाठी आम्ही अधिक कष्ट घेतले पाहिजेत, हेही मला मान्य आहे. याच काळजीपोटी गेल्या महिन्यात मी विश्वस्तांकडे नव्या वेळापत्रकाचा एक कच्चा कागद पाठवला. त्यात आठवी-नववीच्या संगीताच्या तासिका काढून त्या इंग्रजी आणि संगणकाला दिल्या होत्या. तो कागद दुसऱ्या कुणी केलेला नाही, माझ्याच हाताने केलेला आहे.

आपल्यापैकी काहींना २००६ चा ऑगस्ट आठवत असेल. तापीचे पाणी तळमजल्यावर शिरले होते. ओसरल्यावर आम्ही आत गेलो, तर संगीताच्या खोलीतली पेटी गाळात उलटी पडलेली. भाता फाटला होता, सूर गंजणार हे दिसत होते. तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून नवी पेटी आणली. बाके यायच्या आधी पेटी आली! त्या वेळी मला ते थोडे अव्यवहारी वाटले होते. महिनाभर मुले सतरंजीवर बसली, पण प्रार्थना सुरात झाली.

आज सकाळी फळ्यासमोर उभी असताना मला तो कागद आठवला. ज्या तारखेला हा सारा वर्ग एका बाकावर बसला आहे, त्या तारखेला मी मुलांच्या गाण्याचा तास काढून घेण्याचे समर्थन कोणत्या तोंडाने करू? अध्यक्ष महोदय, तो प्रस्ताव मी या सभेसमोर मागे घेत आहे. इंग्रजीसाठी शाळेआधी अर्धा तास वाढवू. पहिला महिना मी स्वतः तो वर्ग घेईन. संगीताच्या तासाला मात्र एक नवे काम जोडायचे आहे. प्रत्येक मुलाने आपल्या घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईकडून एक गाणे ऐकायचे, मग ते ओवी असो, अहिराणी असो, जात्यावरचे असो की रेडिओवरचे; आणि ते शुद्धलेखनाची भीती न बाळगता जसे ऐकले तसे वहीत उतरवायचे. वर्षअखेर त्या वह्या शाळेच्या ग्रंथालयात ठेवू. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या घरची गाणी पाठवावीत. काय सांगावे, एखाद्या वहीत उद्याची बहिणाबाई सापडेल. नाही सापडली तरी आजी सापडेल, आणि तेही थोडके नाही.

पालकांना माझी विनंती एवढीच. आज घरी गेल्यावर मुलाजवळ बसा. त्याचे एक गाणे ऐका, आपले एक ऐकवा. आणि त्या गाण्याचे शब्द त्याला आपल्या लिपीत लिहायला सांगा. साक्षरता दिन पाळण्याचा याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही.

आता सभा संपल्यावर चहासाठी खाली जाल, तेव्हा तो फळा जरूर पाहा. आविचीची ओळ तशीच आहे. मधल्या सुट्टीनंतर तिच्यावर, उरलेल्या जागेत, मी स्वतः दोन ओळी लिहिल्या आहेत : “जिमी रॉजर्स, १८९७” आणि “पॅट्सी क्लाइन, १९३२”. आणि सर्वांत खाली थोडी जागा मोकळी ठेवली आहे. या सभागृहात ज्यांचा आज वाढदिवस असेल, त्यांनी आपले नाव तेथे लिहावे. खडू जागेवर ठेवला आहे.